उपासाला चालणारे वेफर्स

मारुती मरगळे यांचा रिपोर्ट माझ्या टेबलावर होता आणि एचआरचे देशमुख दारात उभे होते. उपाशीपोटीची साखर असायला हवी त्याच्या जवळपास दुप्पट होती.

"यांना फोर्कलिफ्टवरून काढतो," देशमुख म्हणाले. "पॅकिंगला बसवू. तुम्ही फक्त अनफिट लिहा."

घोटावड्याजवळच्या या कारखान्यात मी कंपनी डॉक्टर म्हणून आठवड्यातून तीन सकाळी जाते. फोर्कलिफ्ट म्हणजे मालाच्या थप्प्या उचलून कंटेनरमध्ये भरणारी गाडी. चालवणाऱ्याला भोवळ आली, तर खाली माणूस सापडतो. साखर एवढी वाढलेल्या ऑपरेटरला गाडी द्यायची नाही, हा कंपनीचा नियम आहे आणि तो चुकीचा नाही.

मरगळे मुठा खोऱ्यातले. घरी शेळ्यामेंढ्या. कारखान्यात हेल्पर म्हणून लागले, गाडी शिकले, ऑपरेटर झाले. गावात त्यांना आता ‘गाडीवाला मारुती’ म्हणतात. रात्रपाळी संपवून ते आले होते. बसा म्हटलं तरी खुर्चीची पाठ धरून उभेच राहिले.

"मारुतीराव, रात्री काय जेवता?"

"कायच न्हाई, मॅडम. डबा जातुया तसा माघारी येतुया. मंडळी रोज कावती."

"तपासणीला उपाशी आला होतात?"

"व्हय. तुमच्या कागदावर लिवलंच व्हतं, उपाशी या म्हणून."

घाम पुसायला त्यांनी खिशातून रुमाल ओढला. त्याबरोबर वेफर्सचं अर्धं पाकीट खाली पडलं.

"हे काय?"

"ह्ये व्हय? ह्ये असंच."

"असंच म्हणजे?"

"म्हंजी जेवान न्हाई. असंच तोंडात टाकायचं."

"तपासणीच्या आदल्या रात्री असंच काय काय टाकलंत?"

मरगळे आठवून सांगू लागले. वेफर्स. मग क्रीम रोल. पहाटे डोळे मिटायला लागले म्हणून कोल्ड्रिंक. नंतर आणखी वेफर्स. पाळी सुटल्यावर थेट तपासणीला.

"आणि हे उपाशी?"

"बटाट्याचं वेफर उपासाला चालत्यात की वो! आमची मंडळी एकादशीला त्येच खाती."

"क्रीम रोल?"

देशमुख म्हणाले, "यांच्या एकादशीला चालत असेल."

उपाशीपोटीची साखर म्हणजे किमान आठ तास पाण्याशिवाय पोटात काही न जाता मोजलेली साखर. समोरचा आकडा आजाराचा की कोल्ड्रिंकचा, हे सांगता येणार नव्हतं. मी अनफिट लिहिलं नाही. ‘पुन्हा तपासणी’ लिहिलं, आणि सोबत एचबीएवनसी मागवली. ही तपासणी मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवते. आदल्या रात्री काय खाल्लं, याने ती फसत नाही.

"आणि तोही रिपोर्ट खराब आला तर?" देशमुखांनी विचारलं.

"तर तुमचं पॅकिंग. तोवरही गाडी देऊ नका."

मरगळ्यांनी मान खाली घातली.

देशमुख गेल्यावर मी विचारलं, डबा असताना वेफर्स कशाला?

"कंटेनर डॉकला लागला की दम घ्यायाबी सवड न्हाई, मॅडम. सुपरवायझर वॉकीवर वराडतुया, किती झालं, किती झालं. मंग हात आपसूक खिशात जातुया. भाकरीला हात धुवाया लागत्यात. पाकीट दातानं फुटतं."

त्यात सगळा प्रश्न आला होता. जेवणाची सुट्टी आणि कंटेनर यायची वेळ एकच होती. डॉकवरचे, म्हणजे माल भरायच्या फलाटावरचे लोक सुट्टी सोडून माल भरायचे आणि तिथल्या व्हेंडिंग मशीनमधली पाकिटं खायचे. अपुरी झोप झालेल्या शरीराला गोड आणि तळलेलं जास्त हवंसं वाटतं. वर ताण असला की विचारूच नका.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मरगळे रात्रभर घरी झोपून, खरोखर उपाशी आले. माझ्या पुढच्या फेरीला रिपोर्ट आला. उपाशीपोटीची साखर नॉर्मल. सरासरी काठावर. मधुमेह नाही, पण त्या वाटेला लागलेली.

"म्हंजी गाडी?"

"गाडी तुमची. पण असंच खाणं बंद."

मरगळे पहिल्यांदाच खुर्चीत बसले. "हात तर खिशात जानारच, मॅडम."

"जाऊ दे. खिशात फुटाणे ठेवा. आणि कोल्ड्रिंकऐवजी पाणी."

जेवणाच्या सुट्टीची वेळ बदला, असं सांगायला मी देशमुखांकडे गेले. डिस्पॅचचं गणित बिघडेल, असं ते म्हणाले. ऑपरेटर पॅकिंगला गेला तर ते किती बिघडेल, असं मी विचारलं. शेवटी डॉकची सुट्टी कंटेनर यायच्या आधी ठेवली गेली. वेफर्सचं मशीन अजून तिथेच आहे. मरगळ्यांचा डबा रिकामा घरी जातो, आणि त्यांची मंडळी आता भाकरी कमी पडते म्हणून कावते.

चूक कागदातही होती. माझ्या भाषेत ‘उपाशी’ म्हणजे रिकामं पोट. रात्रपाळीत त्याचा अर्थ ‘जेवलो नाही’ एवढाच. मी सूचना बदलली: ‘आठ तास पाण्याशिवाय तोंडात काहीही घालू नये. उपासाचेही नाही.’

फलकावर कागद लागला तेव्हा मरगळे पाळी संपवून निघाले होते. थांबून त्यांनी तो सावकाश वाचला.

"आता बराबर," ते म्हणाले. "पन तंबाखू?"

"काहीही नाही म्हणजे तंबाखूही नाही."

"ती कुटं कोन खातंय, मॅडम? नुसती दाढंला धरत्यात."

कागद उतरवून मी आणखी एक ओळ लिहिली.