बठ्ठं
कापसाच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजल्याचा वास आला की मला आजही आधी राग येतो, भूक नंतर लागते. आमचे वडील, आबा, गेले त्या वर्षी आम्ही दोघी बहिणी जळगावच्या एकाच कॉलेजात होतो. मराठीच्या बाईंनी घरातल्या गेलेल्या माणसावर लिहायला सांगितलं. माझा कागद कोराच राहिला. ताईनं मात्र आबांच्या हातच्या भरितावर लिहिलं आणि स्टेजवर वाचलं. सगळा हॉल मुसमुसत होता आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. वांग्याला हातसुद्धा लावायची नाही ही! शेतात वांगी भाजून, ठेचून, गरम भरीत कळण्याच्या भाकरीवर घालून आबा माझ्यापुढे सरकवायचे, आणि टाळ्या हिला? तेवढ्यात तिनं वाचलं, "बाबा म्हणायचे, बाळा, सगळं संपव." मी बसल्या जागेवरून आमच्या घरच्या बोलीत ओरडले, "सगळं नाही, बठ्ठं! आबा म्हनेत, बठ्ठं खाई टाक, माय!" ताईनं कागद खाली ठेवला आणि आबा गेल्यापासून पहिल्यांदाच ढसाढसा रडली. मला तिच्या त्या रडण्याचाही हेवा वाटला. घरी जाऊन मी लिहायला बसले, ती आजवर लिहितेच आहे. ताईनं मात्र पुन्हा काही लिहिलं नाही. परवा आबांवरचा माझा लेख छापून आला, तेव्हा चाळीसगावहून तिचा फोन आला. मला वाटलं, कौतुक करेल. ती एवढंच म्हणाली, "बठ्ठं तूच लिखी टाकशी का वं? आबा तुनाच नव्हतात, मना बी व्हतात."