ओथोचा ट्यूबा आणि लावून घेतलेलं दार

ओथो टेसनीर माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. कापडगिरणीत पिंजणखात्यात काम करायचा आणि शनिवारी गिरणीच्या बँडमध्ये ट्यूबा, ते खर्जात घुमणारं फुंकवाद्य, वाजवायचा. मालकांनी बँड मोडला तेव्हा ते पितळी धूड खांद्यावर घेऊन थेट माझ्या दारात उभा राहिला. नाचांना वाजवणाऱ्या आमच्या ताफ्यात माझं व्हायोलिन, एक बँजो, एक गिटार, आणि त्यात हा ट्यूबा! नाचाला आलेली मंडळी विचारायची, "काय रे वर्जिल, खेचरालाही गाणं शिकवलंस की काय?"

मी त्याला घेतलं ते डेल्फीसाठी. बारा वर्षं मागांच्या खडखडाटात काढून माझ्या बहिणीचे कान गेले होते. बारीक सूर तिला ऐकूच येत नसत. "दादा, तुझा गज नुसता हलताना दिसतो," ती म्हणायची. "ओथो वाजवतो ते मात्र थेट छातीत ऐकू येतं."

पुढे त्याच छातीत क्षय शिरला. तिला डोंगरावरच्या इस्पितळात ठेवलं. तिथे ट्यूबा वाजवायला कोण देतंय? पण त्याच हिवाळ्यात, एकोणीसशे एकोणतीस साली, रेकॉर्ड कंपनीचा माणूस शार्लट शहरात आला आणि आम्हाला बोलावणं आलं. ओथोने तिला पत्र लिहिलं, आता तबकडीत बसून तुझ्याकडे येतो. ते पत्र ती उशाखाली ठेवायची, असं नर्सने मला सांगितलं.

रेकॉर्डिंग एका गोदामात होतं; आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर गोधड्या टांगल्या होत्या. पहिल्याच चाचणीला ओथोने खालचा सूर लावला आणि ज्या मेणाच्या तबकडीवर आवाज कोरला जात होता तिच्यावरची सुई उडाली. त्याला मागच्या भिंतीशी नेलं, पुन्हा तेच. मग दाराबाहेर बोळात उभं केलं. कंपनीच्या माणसाने मला बाजूला घेतलं. "डोंगरातल्या गाण्यात हे पितळ कशाला, राव? लोक हसतील. ठेवायचं की काढायचं?"

डेल्फीचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला, नाही असं नाही. पण तबकडीवर माझं नाव छापलं जाणार होतं. "काढा," मी म्हणालो.

त्याने दार लावून घेतलं. ओथोला कुणीच काही सांगितलं नाही. आतलं थोडंफार ऐकू येत होतं, त्यावर तो बिचारा अख्खं गाणं बोळात वाजवत राहिला. नंतर घाम पुसत आत आला. "कसं झालं रे?"

"झकास," मी म्हणालो. जीभ झडली कशी नाही माझी!

तबकडी आली ती वसंतात. आम्ही दोघं ती घेऊन डोंगरावर गेलो. नर्सने ग्रामोफोन डेल्फीच्या खाटेजवळ आणून ठेवला. डेल्फीने तळहात त्याच्या पेटीवर टेकवला आणि डोळे मिटले. तबकडी संपली. तिने पुन्हा लावायला सांगितली.

"ओथो, तू कुठायस रे यात?"

ओथोने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली आणि त्याला सगळं कळलं.

"ओठ फुटला होता गं माझा त्या दिवशी," तो तिच्या कानाशी मोठ्याने म्हणाला. "वाजवलंच नाही मी."

"मग कळवायचंस तरी. मी तेवढ्यासाठी टिकून राहिले होते."

तिने पेटीवरचा हात काढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. मी तिचा सख्खा भाऊ. तिथे उभा होतो, आणि एक शब्द बोललो नाही.

नऊ दिवसांनी डेल्फी गेली. नवऱ्यावर रुसूनच गेली.