बाथरूम धुणाऱ्या काकू

पाणी ओतल्याशिवाय जागा स्वच्छ होऊ शकते, यावर केतकीच्या आईचा, म्हणजे आमच्या काकूंचा, आयुष्यभर विश्वास बसला नाही. पुसणं म्हणजे इकडची घाण तिकडे करणं, असं काकूंचं ठाम मत होतं. साताऱ्याला त्या बालवाडी चालवायच्या आणि पोरं घरी गेली की पदर खोचून फरशी स्वतः धुवायच्या. ॲरिझोनात, चँडलरजवळच्या आमच्या विद्यार्थी-अपार्टमेंटमध्ये आल्यावर त्यांनी पहिली खरेदी केली ती बादलीची.

केतकी माझी रूममेट, पीएचडी करणारी. तिच्या पासपोर्टावरचा व्हिसा संपला होता. भारतात गेलं तर परत यायला मिळेल की नाही, या भीतीने ती कित्येक वर्षं घरी गेलीच नव्हती. वडील आधीच गेलेले. शेवटी काकूच आल्या, चांगलं दिवाळीपर्यंतचं तिकीट काढून. आता आमच्या अपार्टमेंटचा नियम असा, की पाहुण्याने दोन आठवड्यांच्या वर राहायचं नाही. आम्ही ऑफिसला काही कळवलंच नाही. कोण कळवतं? देशी पोरांच्या निम्म्या घरांत कुणाची ना कुणाची आई अशी गुपचूप राहत असते.

काकूंना केतकीच्या कामातलं ओ की ठो कळत नसे. तरी ती लॅपटॉप उघडून बसली की त्या शेजारी खुर्ची ओढून गवार मोडत बसायच्या. "मी नुसती बसते. तू कर तुझं," एवढंच म्हणायच्या. केतकी अर्धवट चिडायची, पण आई उठून गेली की तिचं काम अडायचं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आधी रडकुंडीला आलेली ती मुलगी त्या दिवसांत गुणगुणत कपडे वाळत घालायची.

खालच्या घरात लिन नावाची चिनी मुलगी आणि तिचा नवरा राहायचे. तिला नुकतंच बाळ झालं होतं. एवढ्या उकाड्यात ती पायमोजे घालून हिंडते, हे पाहून काकूंना कोण आनंद! बाळंतिणीने अंगाला वारा लागू देऊ नये, हे चीनमध्येही कळतं म्हणायचं, असं म्हणून त्यांनी तिला अळिवाची खीर धाडली. लिनने ती खाल्ली की टाकली, देव जाणे. वाटी मात्र संत्री भरून परत आली.

आम्ही लॅबमध्ये गेलो की काकूंचं बाथरूम धुणं चालायचं. टबात नव्हे, बाहेर जमिनीवर. बादलीभर पाणी, साबण, खसाखसा ब्रश, पुन्हा बादलीभर पाणी. अमेरिकेतल्या बाथरूमच्या जमिनीला जाळी नसते, पाणी जायला वाटच नसते. हे आम्हाला ठाऊक होतं, पण त्यांना सांगायचं कुणाला सुचलं नाही. भिंतीच्या कडेने पाणी नाहीसं व्हायचं आणि काकू समाधानाने बाहेर यायच्या.

एके दिवशी लिनचं छत फुगलं आणि बाळाच्या पाळण्याशेजारी पाणी ठिबकायला लागलं. दुरुस्तीचा माणूस वर आमच्याकडे तपासायला येणार म्हटल्यावर केतकीने काकूंना आतल्या खोलीत बसवलं, त्यांच्या चपला कपाटात टाकल्या, वाळणारी साडी खेचून काढली. तो माणूस आला, नळ बघितले, भिंती ठोकल्या. पाइप कुठेतरी आतून फुटला असणार, खालचं छत अन् भिंत फोडून शोधावा लागेल, म्हणाला. खालच्या लोकांना तोवर दुसरीकडे हलवू, काही आठवडे लागतील. केतकी मान डोलवत राहिली. तिला सगळं समजलं होतं, मलाही.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. बालवाडीपुरतं इंग्रजी काकूंना येत होतं; खालच्यांना हलवणार, एवढं त्यांना आतून ऐकून कळलं होतं. त्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नो पाइप. मी. बकेट." मग बादली आणून दाखवली.

केतकी पांढरीफटक पडली. आई, काय करतेस, असं पुटपुटली. काकू तिच्याकडे वळल्या. "ओली बाळंतीण आहे ती. माझ्या राहण्यासाठी तिचं बिऱ्हाड हलवायचं?"

ऑफिसातली बाई वाईट नव्हती. तिने केतकीचं घर काढून घेतलं नाही, पण पाहुणीला आठवड्याच्या आत जावं लागेल, असं स्वच्छ सांगितलं. लिनचं छत तसंच वाळू दिलं आणि वरून रंगवलं. तिला कुठे जावं लागलं नाही. चँडलरला आमच्या ओळखीचं एकच कुटुंब, त्यांच्याकडे त्यांचेच आईवडील आलेले. मोटेल परवडणारं नव्हतं. काकूंचं तिकीट अलीकडे आणलं.

ते उरलेले दिवस केतकी आईशी धड बोलली नाही. काकू आपल्या नेहमीसारख्या शेजारी बसायच्या, भाजी निवडायच्या. विमानतळावर त्यांनी मला जवळ घेतलं आणि केतकीकडे बघत सांगितलं, की हिचा राग लवकर उतरत नाही, वडिलांवर गेलीय, तू मनावर घेऊ नकोस. मग त्या रांगेत गेल्या. आत जाईपर्यंत मागे वळून बघत होत्या.

पुढच्या हिवाळ्यात काकू झोपेतच गेल्या. केतकीला जाता आलं नाही. तिने आईचं शेवटचं दर्शन मामाने धरलेल्या फोनवर घेतलं. मी तिच्या शेजारी बसले होते आणि मला काकूंचा भयंकर राग येत होता. एक दिवस खोटं निभावलं असतं तर या मुलीला आई दिवाळीपर्यंत मिळाली असती. न राहवून मी ते बोलूनही गेले.

केतकीने फोन उलटा ठेवला.

"मलाही आहे गं राग, अजून आहे," ती म्हणाली. "पण आता रागावू कुणावर?"