मुरूम ते वाशी, मार्गे येळवस

सरळ रस्त्यानं आणि वेळेवर कुठंही पोचणं माणसाला शोभत नाही, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि देवाची करणी अशी की नेमकी त्याचीच मुलगी मला दिली. माझे सासरे मुरूमचे. उभा जन्म प्राथमिक शाळेत गेला, त्यामुळे गाव त्यांना गुरुजी म्हणतं. मी आपल्या नात्यानं मामा म्हणतो. उंची बेताची, आवाज वर्गाच्या शेवटच्या पोरापर्यंत पोचणारा, आणि खोटं बोलण्याचा तिटकारा असा की विचारू नका. लग्नाच्या पंगतीत त्यांनी मला विचारलं, "जेवण कसं झालंय?" नवरदेव काय म्हणणार? मी म्हणालो, "उत्तम." तर पानापुढं उभं राहून, चार माणसांत, म्हणाले, "पाव्हणं, भातात मीठ न्हाई. खरं बोलायची सवय लावून घ्या." त्या दिवसापासून मी त्यांच्यासमोर हवापाण्याबद्दलसुद्धा जपून बोलतो.

बरं, प्रवासाचं हे वेड बारमाही असतं तर समजू शकलो असतो. वर्षभर हा माणूस घर, मारुतीचं देऊळ आणि शेत यांच्या बाहेर पाऊल टाकत नाही. उमरग्याला जायचं म्हटलं तरी सतरा कारणं काढतो. पण मार्गशीर्षातली अमावस्या, म्हणजे आमच्याकडची येळवस, जवळ आली की मामांच्या अंगात वारं शिरतं. ज्यांना येळवस ठाऊक नाही त्यांनी एवढंच समजावं की त्या दिवशी आमच्या धाराशिव जिल्ह्यात, विशेषतः कर्नाटकाच्या अंगाला, घरांना कुलपं लावून गावंच्या गावं शेतात जातात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी करायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडायचे, भज्जी म्हणजे शेंगा-पालेभाज्यांची चिंच घातलेली मिसळभाजी, ज्वारी-बाजरीचे उकडलेले उंडे, खीर आणि मडक्यात आंबवलेली ताक-ज्वारीची आंबील यांचा नैवेद्य दाखवायचा आणि मग उभ्या ज्वारीच्या कडेला पोट फुटेस्तोवर जेवायचं. दुकानं बंद, रस्ते ओस, बसस्टँडवर कुत्रंसुद्धा नाही, कारण तेही धन्यामागं शेतात गेलेलं असतं. प्रवास करू नये असा वर्षात एकच दिवस असेल तर तो हा, आणि मामा नेमके याच दिवशी जिल्ह्याच्या या टोकावरच्या मुरूमहून त्या टोकावरच्या वाशीला मित्राला भेटायला निघतात. सरळ गाडी नाही. मुरूमहून हायवेच्या मोडावर, म्हणजे फाट्यावर, तिथून जळकोट, नळदुर्ग करत तुळजापूर, मग धाराशिव, मग येरमाळा, मग वाशी. जागोजागी उतरायचं, थंडीत कुडकुडत थांबायचं, परत चढायचं, आणि हे सगळं मांडीवर आंबिलीचं मडकं सांभाळत.

नैवेद्य खरं तर दुपारचा. पण दुपारी नैवेद्य दाखवला तर वाशीला पोचायला दुसरा दिवस उजाडेल, म्हणून मामा तांबडं फुटायच्या आत शेतात जाऊन पूजा उरकतात. "पांडवांना निदान तोंड तरी धुऊ द्या," असं सासूबाई दरवर्षी म्हणतात. मग माकडटोपी, तिच्यावर मफलर, आत दोन स्वेटर, वर सासूबाईंची शाल असा जामानिमा करून ते मोडावर उभे राहतात. आत कोण आहे हे फक्त चष्म्यावरून ओळखायचं.

एका वर्षी मडकं फुटेल म्हणून त्यांनी आंबील प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरली आणि झाकण पिळून घट्ट बसवलं. आंबील ती, गप्प कशी बसेल? गचके खात खात ती नळदुर्गाच्या पुढं अशी उसळली की झाकण टपाला जाऊन आदळलं आणि पुढच्या बाकावरच्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांतल्या गृहस्थांना मानेपासून कमरेपर्यंत स्नान घडलं. गृहस्थ खवळून उठले. मामा शांतपणे म्हणाले, "येळवशीला अंगावर आंबील पडायला नशीब लागतं. बसा." आणि ते बसले! मामांच्या आवाजाचा गुण, दुसरं काय. दुसऱ्या एका वर्षी तुळजापूरहून गाडी मिळेना म्हणून हे काळ्या-पिवळ्या जीपमध्ये चढले, तर जीपवाल्याचंच शेत रस्त्याकडेला. "दोन घास खाऊन निघू" म्हणून त्यानं जीप बांधावर लावली ती लावलीच. सगळ्या प्रवाशांना पंगतीला बसवलं, वाढायला स्वतः उभा राहिला आणि जेवण झाल्यावर कडब्याच्या गंजीला टेकून ढाराढूर झोपला. प्रवासी हवालदिल, आणि मामा त्याच्या म्हाताऱ्या आईला भज्जीत चिंच किती घातली ते विचारत होते. आमच्याकडं या दिवशी वाटसरूला उपाशी जाऊ देत नाहीत, आणि वाटसरूनंही नाही म्हणायचं नसतं. त्यामुळे ज्या फाट्यावर गाडीची वाट बघावी तिथल्या शेतातून कुणीतरी हाताला धरून नेणार हे ठरलेलं. तीन शेतांत जेवून आणि दोन गाड्या चुकवून मामा दिवस मावळता वाशीला पोचायचे, मुक्काम करायचे आणि दुसऱ्या दिवशी परत.

हे सगळं ऐकून माझ्यासारख्या नोकरदार माणसाला एकच प्रश्न पडायचा: का? घरात पुतण्याची चारचाकी आहे, मी धाराशिवला राहतो, माझ्याकडं आहे. चार तासांत जाऊन पोचता येतं. सुरुवातीला मला वाटलं, चिक्कूपणा. पण हाच माणूस दिवाळीला गल्लीतल्या पोरांना फटाके वाटतो. मग वाटलं, नवस असेल. विचारलं तर म्हणाले, "नवस देवाला करतात, कंडक्टरला न्हाई." 

कंडक्टर म्हणजे त्यांचे वाशीचे मित्र. तरुणपणी मुरूमच्या मुक्कामी गाडीवर होते आणि अकरा वर्षं मामांच्या घरी खोली घेऊन राहिले. वाशीकडं येळवशीचं एवढं प्रस्थ नाही. त्यांना पहिल्यांदा शेतात नेलं ते मामांनीच. पहिल्याच वर्षी ते एवढी आंबील प्यायले म्हणे की दुसऱ्या दिवशी उभ्या उभ्या तिकिटं फाडताना डुलक्या घेत होते. पुढं बदली झाली, मग निवृत्ती, आणि सहा वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. डावं अंग गेलं, चालणं संपलं. तेव्हापासून हा जन्मभर फिरलेला माणूस खिडकीजवळच्या एका बाजेवर आहे, आणि तेव्हापासूनच मामांची ही वारी सुरू झाली.

गेल्या हिवाळ्यात मामा परत येताना बसच्या पायरीवरून पडले. गुडघा भोपळ्यासारखा सुजला, डॉक्टरांनी सांगितलं, पुन्हा बसचं नाव काढायचं नाही. म्हणून या येळवशीला सासूबाईंनी मला फर्मान सोडलं, "तुम्ही घेऊन जा. न्हाईतर ते मला चुकवून मोडावर जातील." मी आदल्या दिवशीच मुरूमला गेलो. सकाळी मामा गाडीत बसले ते दवाखान्यात नेत असल्यासारखे. मोड आला तसे मान वळवून तो दिसेनासा होईपर्यंत मागं बघत राहिले.

मी शेवटी म्हणालो, "मामा, काचा बंद आहेत, हीटर चालू आहे, मडकं हलतसुद्धा नाही. अजून काय पाहिजे?"

"तेच की," मामा म्हणाले. "काय झालंच न्हाई. आता त्याला मी सांगू काय?"

आणि मग माझं कोडं सुटलं. ते वाशीला पोचले की कंडक्टर तब्येत विचारत नाहीत, पोरंबाळं विचारत नाहीत. पहिला प्रश्न एकच: कुठली गाडी मिळाली? मग मोडापासून वाशीपर्यंत एकेक थांबा सांगायचा. ड्रायव्हर कसा होता, कुठं किती मिनिटं थांबली, कोण भांडलं, कोण झोपेत पुढच्या गावाला गेलं. बाजेवर पडल्या पडल्या कंडक्टर मुरूमहून वाशीपर्यंत येतात. "वर्षातून एकदा त्याची ड्युटी असती, पाव्हणं," मामा म्हणाले, "अन् ह्या वर्षी मी ती बुडवली. ह्या गुडघ्यानं आता दरवर्षीच बुडणार. नुसता तब्येत बघायला आलेला माणूस त्याला नको असतो. तसली माणसं त्याच्याकडं रोज येतात." मी इतकी वर्षं या माणसाला तऱ्हेवाईक म्हणत आलो होतो. मला स्वतःचीच लाज वाटली.

मग काय, जळकोटच्या अलीकडं मीच म्हणालो, "मामा, इथं गाडी थांबते ना?" त्यांनी माझ्याकडं संशयानं पाहिलं, आणि मग कंडक्टर एक घंटी मारतो तसं काचेवर बोटानं एकदा टक केलं. मी गाडी थांबवली. त्यानंतर माझी ती बिचारी छोटी गाडी वाशीपर्यंत लाल गाडीसारखी चालली. प्रत्येक फाट्यावर थांबा. मामा काच खाली करून बाहेर बघायचे, आलागेला न्याहाळायचे, दोनदा टकटक करायचे, की आम्ही पुढं. जळकोटला डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई मामांनी हाक मारून मागं बसवली आणि नळदुर्गाला उतरवली. ती उतरताना दहाची नोट काढू लागली तर म्हणाले, "राहू दे माय, आज कंडक्टर रजेवर हाय." येरमाळ्याच्या अलीकडं एका शेतातल्या लोकांनी हात केला. आम्ही दोघं रीतसर पंगतीला बसलो आणि मी तिथं सहा उंडे खाल्ले, तेही नाही म्हणायचं नसतं म्हणून.

वाशीला पोचल्यावर त्यांनी मला गाडी बाजाराच्या मागं लावायला सांगितली आणि तिथून भिंतीला धरत, लंगडत चालत निघाले. दारात शिरतो न शिरतो तोच बाजेवरून आवाज आला, "या गुरुजी! कुठली गाडी घावली रं मोडावर?"

 भातात मीठ नाही हे चार माणसांत सांगणारा माणूस तो, आता काय बोलणार?

"आठाची," मामा म्हणाले. "खच्चून भरलेली."

"येळवशीला खच्चून?"

मामांनी मफलर सोडला. "वऱ्हाड व्हतं."

"अमावस्येला वऱ्हाड?"

"वऱ्हाड म्हंजे... पोरगी बघायला निघालते."

अमावस्येला कुणी पोरगी तरी बघायला जातं का? मी खाली बघितलं. कंडक्टरांनी मामांकडं एकदा नीट पाहिलं, मग उशी सारखी करत म्हणाले, "असतील बाबा, आजकाल कोण काय पाळतंय? मग फुडं?"

आणि मामा सुटले! जळकोटच्या एका पाटीवाल्या बाईच्या सात झाल्या, त्यातल्या दोघींचं खिडकीवरून भांडण झालं, ते मामांनी मिटवलं. तुळजापूरला ड्रायव्हर चहाला गेला तो येईचना, प्रवाशांनी हॉर्न वाजवून वाजवून बॅटरी उतरवली. येरमाळ्याहून दोनची गाडी, तिच्यात एक कोंबडा सुटला. कंडक्टर मधे मधे विचारत होते, "मागं जागा व्हती का? दाराजवळ कोण उभं व्हतं?" आणि मामांकडं प्रत्येकाचं उत्तर तयार. कंडक्टर इतके हसले की सुनेनं येऊन पाणी दिलं. मग त्यांनी दोन वाट्या आंबील प्यायली आणि मिशा पुसल्या. उभ्या आयुष्यात खोटं न बोललेल्या माणसाला ते इतकं झकास जमू शकतं, यावर मी अजून विचार करतो आहे.

मुक्काम करून सकाळी निघालो. मामा मागं तोंड धुवायला गेले तशी कंडक्टरांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"पाव्हणं, गाडी कुठं लावलीय?"

मी खिशातली किल्ली चाचपली.

"येरमाळ्याची दोनची गाडी दिवाळीपासनं चारला सुटती. जुने सोबती येऊन सगळं सांगत्यात मला. तुमी तर तीनलाच दारात व्हता."

"मग काल बोलला का नाही?"

"कशाला बोलू? केवढा रंगला व्हता." त्यांनी माझं मनगट धरलं. उजवा हात मात्र अजून चांगला घट्ट होता. "आत येताना भिंत धरून आला त्यो. म्या बघिटलं. बसमधी चढंल, पडंल, अन् मग येणारच न्हाय. कशानं बी आणा, पर आणा त्याला. अन् मला कळलंय हे त्याला कळू देऊ नगा. लाजंल, अन् फुडल्या वर्षी यायचा न्हाय." मामांची चाहूल लागली तसा त्यांनी हात सोडला आणि मोठ्यानं म्हणाले, "जपून जा रं गुरुजी. खिडकीची जागा धर!"

बाजारामागं येऊन गाडीत बसलो. पहाटेचं धुकं अजून उतरलं नव्हतं. वाशी मागं पडेपर्यंत मामा मफलरात तोंड खुपसून बसले होते. मग हळूच म्हणाले, "पाव्हणं, त्याला काय कळलं न्हाई न्हवं?"

"काही कळलं नाही, मामा."

"तुमची शपथ, मला घाम फुटला व्हता." ते समाधानानं मागं टेकले. थोड्या वेळानं परत सरळ झाले. "फुडल्या वर्षी भूमवरनं आलो म्हणून सांगावं का? तिकडचा रस्ता त्यानं लई दिवसांत ऐकलेला न्हाई. पर मग तिकडची माहिती पाहिजे. ड्रायव्हर कुठं चहाला थांबतात, कुठल्या फाट्यावर माणसं चढतात... एकदा जाऊन बघून यावं लागंल."

"जाऊ की," मी म्हणालो. मला त्या दिवशी कचेरीत बारापर्यंत पोचायचं होतं. पण पुढचं वर्ष कुणी बघितलंय, असं मनात आलं, आणि फाट्यावर मी गाडी भूमच्या रस्त्याला वळवली.