डॉक्टरांना दिलेली दुसरी पत्रिका

मला फिट यायची. अकरावीत असताना नाशिकच्या एका डॉक्टरांनी गोळी बदलली आणि फिट थांबली. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी वडील आणि मी घोटीहून एसटीने तपासणीला जायचो. निघताना डॉक्टर दर वेळी म्हणायचे, "हिचं लग्न ठरवाल तेव्हा आधी मला सांगा हं."

का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, पण प्रश्न विचारायचा म्हटलं की मी वडिलांच्या मागे सरकायचे. वडील भातगिरणीत पोती उचलायचे. ते मात्र भारावून जायचे. "एवढा मोठा डॉक्टर, पन पोरीच्या लग्नाची काळजी लय हाय त्याला," असं एसटीत शेजारच्यालाही सांगायचे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. ओझरच्या कारखान्यातल्या मुलाशी माझं लग्न ठरलं. पहिली पत्रिका गणपतीपुढे ठेवली. दुसरी, हळदकुंकू लावून, डॉक्टरांना. सोबत पाच किलो नवा तांदूळ.

डॉक्टरांनी तारीख पाहिली. "अहो, हे तर बारा दिवसांवर आलं! आधी सांगा म्हटलं होतं ना?"

वडील दुखावले. "डॉक्टरसाहेब, तुमच्याआधी फकस्त गणपती. सख्ख्या मेव्हण्यालाबी अजून दिली नाय. लय रुसलाय तो."

डॉक्टर हसले, मग एकदम गंभीर झाले. म्हणाले, चूक माझीच, कारण सांगायला हवं होतं. ही गोळी चालू असताना दिवस राहिले तर बाळाच्या पाठीच्या कण्यात व्यंग राहू शकतं. म्हणून ती बदलायची, तीही हळूहळू. एकदम बंद केली तर फिट परत येईल. "तोवर मूल नको. नवऱ्या मुलाला सगळं माहीत आहे ना?"

मुलाकडे आम्ही 'कधीमधी चक्कर येते' एवढंच सांगितलं होतं. वडील भिंतीवरचा मेंदूचा तक्ता वाचू लागले. तक्ता इंग्रजीत होता. वडिलांना मराठीही वाचता येत नव्हतं.

"मी सांगते," मी म्हणाले, आणि माझी मीच दचकले.

एसटीडी बूथवरून त्याच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात आला, आईला घेऊन. सगळं ऐकून त्याच्या आई माझ्या वडिलांकडे वळल्या.

"चक्कर म्हणे! माझ्या भावाला फिट येते. मी काय फिटला भिते का? खोटं बोललात त्याचा राग आलाय."

"चुकलं, विहीणबाई."

"चुकलंच. आता पोरीला गोळ्या वेळेवर द्या."

लग्न ठरल्या दिवशीच झालं. पुढे गल्लीतल्या बायका मला आडून आडून विचारायच्या, "काही गोड बातमी?" माझ्या आधी सासूबाईच उत्तर द्यायच्या, "गोळी अर्ध्यावर आलीय." महिनाभरात माझा डोस गल्लीला तोंडपाठ झाला.

दहाव्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, "धोका अगदी शून्य होतो असं नाही, पण आता खूप कमी झालाय. फॉलिक अ‍ॅसिड चालू ठेवा. आता हरकत नाही."

केबिनमध्ये मी, हे, सासूबाई आणि माझे वडील. कोणी कोणाकडे बघेना. शेवटी सासूबाईंनीच विचारलं, "म्हणजे आजपासून ना, डॉक्टर?"

हे पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर गेले, ते आम्हाला थेट बसस्टॉपवर सापडले.