धोंडिबा मिस्त्रीचे हात

धोंडिबाने अंबरनाथच्या एका कारखान्यात बावीस वर्षं लेथ चालवला. मग कोपरांवर आणि डोक्यात चंदेरी पापुद्र्यांचे चट्टे उठले, नखांना सुईने टोचल्यासारखे खड्डे पडले आणि बोटांची शेवटची पेरं सुजून वाकली. सोरायसिस, आणि त्यातूनच आलेलं सांध्यांचं दुखणं. १९८५ साली त्याने लेथ सोडला.

काम गेलं, पण एक मान मिळाला. मुंबईच्या ज्या इस्पितळात तो औषध घ्यायचा, तिथून दरवर्षी डॉक्टरकीच्या परीक्षेआधी पोस्टकार्ड यायचं. परीक्षेत विद्यार्थ्यांना तपासायला खरे पेशंट लागतात. धोंडिबा त्यातला एक. त्याने हेही काम लेथसारखंच केलं. आधी कातडी की आधी सांधे, दुखणं कोणत्या बोटापासून सुरू झालं, सकाळी हात किती मिनिटं आखडतात, सगळं क्रमाने सांगायचा. मिनिटं घड्याळ लावून मोजलेली. दुसरे पेशंट घाबरलेल्या पोरांच्या कानात रोगाचं नावच सांगून टाकत. धोंडिबा सांगत नसे. मेहनत ज्याची त्याने करावी.

१९८८ साली हेंद्रेपाड्यातली वृंदा त्याच्या घरी येऊ लागली. डॉक्टरकीचं तिचं शेवटचं वर्ष होतं, त्वचा आणि सांधे हे विषय कच्चे होते. तीन रविवार ती त्याचे हात उलटसुलट करून बघत बसली, वही भरत राहिली. चौथ्या रविवारी आली नाही.

"विठ्ठलवाडीला गेलीय म्हणे," त्याची बायको द्रौपदी म्हणाली. "सुदामकडे. त्याची रखमा काल बाजारात सांगत होती."

सुदाम म्हणजे लेथवर त्याच्या हाताखालचा हेल्पर. कामात अर्धा, बोलण्यात दीड. गेल्या दोन वर्षांत त्याचेही हात वाकडे झाले होते. आपल्यापेक्षा जास्त वाकडे, हे धोंडिबाने मनात केव्हाच मोजून ठेवलं होतं.

त्याने सदरा चढवला आणि निघाला.

सुदाम खुर्चीत नवरदेवासारखा बसला होता. समोर वृंदा आणि तिच्या दोन मैत्रिणी.

"जयभीम, मिस्त्री! या, या. आता आपला नंबर लागला बरं का."

"नंबर लागायला हातात काही असावं लागतं," धोंडिबा म्हणाला.

"हे काय मग?" सुदामने दोन्ही पंजे पसरले. "पोरी वहीत चित्र काढतायत माझ्या हातांचं. तुमचं काढलं होतं का कधी?"

काढलं नव्हतं. रखमाने चहाचा कप पुढे केला. धोंडिबाने घेतला.

"सुदामकाका, सकाळी हात किती वेळ आखडतात?" वृंदाने विचारलं.

"चहा होईपर्यंत."

"चहाला किती वेळ लागतो?"

"ते रखमाला विचारा. ती रागात असली तर तासभर."

मुली खळखळून हसल्या. धोंडिबाने रोज पहाटे घड्याळ घेऊन बसायचं, आणि ह्याचं नुसत्या बातांवर भागायचं.

"लिहा गं," वृंदा मैत्रिणींना म्हणाली. "धोंडिबाकाकांसारखीच केस. सोरायसिसचे सांधे."

धोंडिबाने नीट पाहिलं. सुदामची नखं गुळगुळीत होती. कोपरावर चट्टा नाही. बोटांची टोकं शाबूत. बिघडली होती ती मनगटं आणि बोटांची मुळं, दोन्ही हातांची अगदी सारखी. पोरगी चुकत होती. तीन रविवार तिने एकच माणूस पाहिला, आता तिला सगळ्यांत तोच दिसत होता.

चुकू दे, त्याला वाटलं. परीक्षेत असा हात आला तर हेच सांगेल. मग कळेल रविवार कोणाकडे घालवायला हवे होते.

अर्धा कप चहा संपेपर्यंत त्याने हा विचार घोळवला. चांगला गोड लागला. पण माप चुकलेलं दिसत असताना लेथवरचा जॉब पुढे सरकू देणं त्याला बावीस वर्षांत जमलं नव्हतं. त्याने कप खाली ठेवला आणि आपला हात सुदामच्या हाताशेजारी मांडीवर ठेवला.

"दोन्ही हात बघ. पुन्हा."

वृंदा वाकली. दोघांची नखं, बोटांची टोकं, मनगटं चाचपून पाहिली. मग वहीतली ओळ खोडली.

"हा आमवात आहे. रूमॅटॉइड. बाई गं, मी परीक्षेत हेच सांगून आले असते." तिचे कान लाल झाले. "आणि परीक्षेत हाच जास्त येतो."

तिघी सुदामच्या हातांवर आणखीच झुकल्या.

"सुदामकाका, पुढच्या रविवारी पण येऊ?"

"या की! आणि मिस्त्री, तुम्ही पण या," सुदाम म्हणाला. "शेजारी ठेवायला."

धोंडिबा उरलेला चहा न पिता उठला.

"काय झालं?" घरी द्रौपदीने विचारलं.

"सुदामचा रोग वेगळा निघाला."

"मग बरंच की. तुमचा तुम्हाला राहिला."

तो हसला नाही. सदरा खुंटीला अडकवून म्हणाला, "परीक्षेला चार रविवार आहेत. चारही तिकडेच जाणार ती."

"तुम्हाला नाही बोलावलं?"

"बोलावलंय. शेजारी ठेवायला."

"मग जाणार?"

"जावं लागेल. तो वेळ धड सांगत नाही, पोरी काहीही लिहून घेतील." मग तो म्हणाला, "पण चहा घेणार नाही त्याच्या घरचा."