दाजींची पाच सुरांची मोळी

निजाम सरकारच्या अख्ख्या मुलखात, औरंगाबादेपासून थेट रायचुरापर्यंत, आमच्या दाजींइतका ओशाळलेला माणूस दुसरा सापडला नसता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. मोमिनाबादच्या तहसील कचेरीत पेशकार. काही माणसं चुकल्यावर ओशाळतात, काही पकडल्यावर. दाजी आधीच ओशाळून ठेवत, म्हणजे पुढे घाई नको. रस्त्याने ते भिंतीला इतके चिकटून चालत की दिवाळीच्या आधी कुणी घराला चुना लावला आहे ते त्यांच्या डाव्या खांद्यावरून कळे. कुणी त्यांच्या पायावर पाय दिला तर "चुकलं माझं" असं तेच म्हणत आणि पाय देणारा मोठ्या मनाने "असू द्या, असू द्या" म्हणत पुढे जाई. मारामारीच्या फिर्यादीचे कागद तहसीलदारांपुढे ठेवताना त्यांचा चेहरा असा काही होई की नवीन आलेला तहसीलदार हमखास त्यांनाच आरोपी समजून दरडावत असे. दाजी खुलासा करत नसत. साहेबांचा गैरसमज झाला हे साहेबांना सांगायचं म्हणजे किती लाजिरवाणं!

लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी अक्काचं नाव इतक्या हळू घेतलं की बायकांनी ते पुन्हा घ्यायला लावलं, मग पुन्हा, मग आणखी एकदा. शेवटी घोड्यावर झूल चढवून झाली, वऱ्हाड खोळंबलं, आणि अक्काच पदराआडून खणखणीत आवाजात म्हणाली, "म्या ऐकलंय. बास झालं." अक्काचा आवाज म्हणजे काय सांगू? ती परसात उभी राहून गड्याला हाक मारू लागली तर तीन आळ्यांतले गडी ओ देत. अशी ही जोडी. तिच्या घरात दाजी पाहुण्यासारखे राहत आणि पाणी मागताना आधी "गडबडीत न्हाईस ना?" असं विचारत.

या माणसाला एकच नाद होता, सुरांचा. आणि त्या नादातही त्यांनी लाज बरोबर नेली होती. भजनात ते मागच्या रांगेत बसून पेटी वाजवत, तीही वरून उपरणं घालून, म्हणजे आवाज जरा झाकलेला बरा. एखादा सूर चुकला की त्यांचा उजवा हात आपसूक कानाच्या पाळीकडे जाई. आपल्याकडे गुरूंचं नाव घेताना, चूक कबूल करताना गवई कान धरतो, ती रीत. पण गवयाचे हात मोकळे असतात! दाजींचा हात कानाला गेला की पेटी बंद पडे आणि भजनी मंडळी अभंगाच्या मधोमध लोंबकळत राहत.

अशा दाजींना सरकारी परीक्षेसाठी काही महिने हैदराबादेला पाठवलं. बिऱ्हाड सिकंदराबादेत, एका इंग्रजी हॉटेलच्या मागच्या गल्लीत. त्या हॉटेलात एक गोवेकर मास्तर पियानो वाजवायचा. दाजी रोज संध्याकाळी मागच्या खिडकीपाशी उभे राहून ऐकायचे आणि कुणी आलं की बुटाची नाडी बांधत असल्याचं सोंग करायचे. पायात वहाणा असल्या तरी. एकदा मास्तर विडी ओढायला बाहेर आला आणि त्याने यांना धरलं.

"आत ये रे बाबा."

"न्हाई, मी असाच उभा हाय. वारं लई चांगलं येतंय हितं."

तिथे गटार होतं. मास्तर हसला आणि दंडाला धरून आत घेऊन गेला. तिथे दाजी शिकले ते जॅझ. त्यातही धावतं, नाचायचं जॅझ नव्हे. सावकाश, उसासा टाकल्यासारखी जी गाणी असतात ती. त्यांना बॅलड म्हणतात हे मी दाजींकडूनच ऐकलं, आणि तेही त्यांनी आजूबाजूला बघून सांगितलं होतं.

त्या गाण्यांत एका वेळी एक सूर वाजवून भागत नाही, चार-पाच सूर एकत्र दाबायचे असतात. इंग्रजीत कॉर्ड, दाजी त्याला मोळी म्हणत. दाजींना मोळी एकदम टाकवेना. "पाच सूर एकदम? लोक काय म्हणतील?" म्हणून ते एकामागून एक सूर सोडायचे, खालून वर, जणू प्रत्येकाला आधी विचारून. मास्तर उडालाच. हेच तर शिकवायला त्याला इतरांच्या बाबतीत वर्ष वर्ष लागायचं! मोळी अशी सोडून एकेक काटकी मांडत जाण्याला आर्पेजिओ म्हणतात, आणि आमच्या दाजींना तो निव्वळ संकोचामुळे जन्मतः येत होता. उजवा हात वारंवार कानाकडे जात असल्याने डाव्या हाताला एकट्याने संसार ओढायची सवय लागली. सा, मग प, मग वरच्या सप्तकातला ग, असा तो सावकाश लांब लांब ढांगा टाकत राही.

पण मोळी भरायची म्हटलं की गाडं अडे. सा, ग, प इथवर ठीक. त्यावर नी ठेवायचा आणि त्याच्याही वर रे. सा आणि नी एकाच वेळी वाजले की भजनात तयार झालेला दाजींचा कान म्हणे चुकलं, आणि हात कानाकडे धावे.

"चुकलं नाही," मास्तर ओरडायचा, "ते तसंच आहे!"

"पण मास्तर, हे लाजल्यावानी वाजतंय."

"अरे, मग तूच वाजव की! तुझ्याशिवाय कोण वाजवणार?"

दाजी परीक्षा पास होऊन परत आले. मोमिनाबादेत पूर्वी घोडदळाची छावणी होती. पलटण उठून गेली तेव्हा साहेबांनी खुर्च्या नेल्या, आरसे नेले, पियानो मात्र जड म्हणून राहिला. तो आता डाक बंगल्यात होता. बंगल्याचे चौकीदार चाचा त्याच्यावर कांदे वाळत घालत. त्याच्या एका पट्टीला दाबलं की ती खालीच बसे, मग नखाने उचलावी लागे. दाजी कचेरी सुटल्यावर तिथे जाऊन वाजवत. मी तेव्हा नुकतीच वकिली सुरू केली होती आणि अशिलांच्या कृपेने मला वेळच वेळ होता, म्हणून मी सोबतीला जाई. अक्काने मात्र त्यांना कधी ऐकलं नव्हतं. बायकोसमोर वाजवायची त्यांना सगळ्यांत जास्त लाज.

"सगळ्या गावाच्या उंदरांनी ऐकलंय," अक्का म्हणायची. "मलाच कावून न्हाई? एक गाणं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. कान न धरता. तेवढंच मागणं हाय माजं."

तेवढं सोडून दाजींनी तिला काहीही दिलं असतं.

मग बीडहून तालुकदारसाहेब, म्हणजे निजामीतले कलेक्टर, दौऱ्यावर आले. बंगल्यात उतरले, पियानो पाहिला, हे कोण वाजवतं म्हणून विचारलं, आणि चाचांनी अभिमानाने दाजींचं नाव सांगून टाकलं. झालं! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहापार्टीत पेशकारांनी वाजवावं असा हुकूम सुटला. अक्काने हिरवं लुगडं काढलं.

बंगल्याच्या दिवाणखान्यात सगळे वकील, मुन्सफ, व्यापारी, चार गावचे देशमुख जमले. एका बाजूला चिकाचा, म्हणजे बांबूच्या काड्यांचा, पडदा सोडून त्यामागे बायका. दाजी आले, पियानोला नमस्कार केला, आणि बसले. बसले म्हणजे बैठकीच्या कडेला टेकले. आणि त्यांनी सुरू केलं.

काय सांगू! डावा हात निघाला सावकाश खालून वर, मग उजव्याने अलगद एक मोळी सोडली, एकेक काटकी. सा, ग, प, नी, आणि वर तो रे, नुसता टांगलेला. हात कानाकडे गेला नाही.  चिकामागची बांगड्यांची किणकिणही थांबली. दाजी अर्ध्या गाण्यापर्यंत आले होते, त्यांच्या जन्मात वाजवलं नव्हतं असं ते वाजवत होते, आणि माझ्या लक्षात आलं की दिवाणखान्यात लोक गप्पा मारताहेत. पानाचं तबक फिरतंय. कुणी कापसाचं बोलतंय, कुणी जावयाचं. मंडळी बिचारी सभ्य होती. मैफिलीत गवई तंबोरा जुळवत असतो तेव्हा आपण बोलतो, तसे ते बोलत होते. एकेक सूर सुटा सुटा येतोय, म्हणजे सूर मिळवणं चाललंय. गाणं काय, होईल सुरू!

तालुकदारसाहेब मोठे मायाळू. बराच वेळ वाट बघून ते पुढे वाकले आणि म्हणाले, "हां पेशकारसाब, मिल गये सुर? अब शुरू करो."

दाजींचे हात थांबले. मग एक नव्हे, दोन्ही हात कानांकडे गेले. ते उठले, साहेबांना सलाम केला, पियानोला हात जोडले, "माफी असावी" म्हणाले आणि भिंतीच्या कडेकडेने चालत बाहेर पडले. दार भिंतीच्या मध्यावर होतं, तरी ते सगळ्या कोपऱ्यांवरून गेले. आमच्या घरचे पुरुष छताकडे बघत राहिले, जणू तिथे काही लिहिलंय.

त्यानंतर दाजी कचेरीत मागच्या दाराने जाऊ लागले. बंगल्याचं नाव काढलं की त्यांचे कान लाल होत. विहिरीवर बायका अक्काला विचारत, "काय गं, जुळला का मालकांचा बाजा?" अक्का, जी कुणाची उधारी ठेवत नसे, ती गप घागर उचलून येई. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"म्या आता हात लावणार न्हाई," दाजी म्हणाले. "तुज्यासमोर सुदा न्हाई. तुज्यासमोर तर न्हाईच."

एका रविवारी दुपारी अक्काने डोक्यावर पदर घेतला आणि ती सरळ रस्त्याच्या मधून डाक बंगल्याकडे निघाली. मागे मी, आणि भिंतीने दाजी. चाचांनी गडबडीने कांदे उचलले. अक्काने दाजींना बसवलं, कडेला नव्हे, मधोमध, आणि म्हणाली, "वाजवा."

डावा हात निघाला. उजव्याने मोळी मांडली, नी आला, रे आला, आणि हात सवयीने वर उठला. तो कानापाशी पोचला तर तिथे जागाच नव्हती. अक्काने मागून दोन्ही कान धरले होते.

"कान माज्या ताब्यात हायेत," ती म्हणाली. "तुमचे हात मोकळे झाले. चालू द्या."

चाचा "या अल्ला" म्हणत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. दाजी लाजेने घामाघूम झाले, पण हाताला जायला दुसरं ठिकाण उरलं नव्हतं, म्हणून तो पट्ट्यांवर परतला. गाणं पुढे सरकलं. बसकी पट्टी त्यांनी नखाने उचलली आणि ती सुद्धा गाण्यातच बसली. मोळ्या आता जरा जरा एकदम पडू लागल्या, भरलेल्या, ओलसर. अक्काने कान कधी सोडले ते मला कळलं नाही. बघितलं तेव्हा तिचे हात त्यांच्या खांद्यांवर होते.

शेवटचा सूर विरल्यावर तिने विचारलं, "संपलं?"

"व्हय."

"मंग त्या दिवशी बी गाणंच चालू व्हतं की!"

"व्हय."

"मंग सांगायचं न्हाई का तसं?"

"कसं सांगायचं?" दाजी म्हणाले. "येवढी मोठी मोठी माणसं बसलेली. त्यांनला वाईट वाटलं असतं."

अक्का हसली नाही. तिने पदराने त्यांचं कपाळ पुसलं आणि म्हणाली, "आनिक एकदा वाजवा."

पुढे दाजींची बदली धारूरला झाली. तिथे किल्ला होता, डोंगर होते, पण पियानो असण्याचं कारण नव्हतं. मी सुट्टीला गेलो की दुपारी ओसरीवर दाजी समोर एक पाट घेऊन बसलेले असायचे आणि त्यांची दहा बोटं त्यावर सावकाश चालायची. अक्का पलीकडे ज्वारी निवडत असायची. आता तिचे केस पांढरे झाले होते, आवाजही खाली आला होता. मध्येच ती मान वर न करता म्हणायची, "हितं थांबायचं असतंय. घाई केली तुमी."

"केली खरी," असं म्हणून दाजी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. मी दोघांच्या मधे शेंगा फोडत बसलेला असायचो, आणि मला एकट्याला काहीच ऐकू यायचं नाही.